कलम धरेपर्यंत

१

धंद्यात एकतीस वर्षं काढली की दोन वास लांबूनच कळायला लागतात. एक मुळं कुजल्याचा आणि दुसरा ज्या घरातून नुकतंच कुणी गेलंय त्या घराचा. माझ्या नाकावरून दुसरा वास जास्त वेळा गेलेला आहे. मी निवडुंग विकतो. चेक देशातल्या आमच्या मोराव्हियात गावागणिक निवडुंगवाल्यांचं एक मंडळ असतं आणि मंडळातले सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांतला एक गेला की मागे उरते बायको आणि सातशे कुंड्या. बाईने त्या कुंड्यांकडे चाळीस वर्षं नाक मुरडून पाहिलेलं असतं. मग मला फोन येतो, 'द्रापाल, या आणि घेऊन जा एकदाचं.'

एका बाईंनी तर अट घातली होती, झाडं न्यायची असतील तर नवऱ्याचा कोटही न्या. कोट अजून माझ्या अंगावर आहे. महिनाभर त्याच्या खिशातून काटे निघत होते.

सांगायचं ते असं की लितोव्हेलच्या कुबीकोवाबाईंचा फोन आला तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बाईंनी कॉफी केली, आलुबुखाराचा केक कापला. काचघरातली झाडं मी तासाभरात पाहिली, पंधरा मिनिटांत सौदा झाला. नवरा एकही महिना न चुकता मंडळात येणारा, पण गेली काही वर्षं त्याने येणं सोडलं होतं. मागच्या हिवाळ्यात गेला. चांगला माणूस. झाडं त्याहून चांगली.

निघताना बाई म्हणाल्या, "अजून एक आहे. आत."

आत म्हणजे झोपायच्या खोलीत. पलंगाच्या डाव्या अंगाला, उशीजवळच्या छोट्या टेबलावर, एक तुरेवाला निवडुंग. असा तुरा मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. दोन तळहात एकमेकांना जोडून ठेवल्यासारखा रुंद, वर घडीवर घडी.

"इथे कशाला ठेवलाय? हिवाळ्यात याला थंड जागा लागते," मी म्हणालो.

"त्यांचंच टेबल ते. म्हणायचे, डोक्याशी असलेला बरा."

"काय घ्याल याचं?"

"काही नको. पण उचला तुम्हीच. मी हात लावायची नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही एकटे राहता का हो?"

"छे. बायको आहे ना."

"मग ठीक. एक आडवं पडलं तर दुसरं असतं." आणि दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "याला पाणी घाला. रोज. हिवाळ्यातसुद्धा."

मी हसलो. आमच्याकडचा शाळकरी पोरगाही सांगेल, सप्टेंबरअखेर संत वाक्लाव्हचा दिवस उजाडला की झारी खुंटीला टांगायची, ती मार्चात संत जोसेफच्या दिवशी काढायची. मधे एक थेंब नाही. थंडीत ओली राहिलेली मुळं आठवडाभरात सडतात. प्रत्येक विधवा मला काही ना काही सूचना देते, आणि मी प्रत्येकीला 'हो बाई' म्हणतो.

"हो बाई," मी म्हणालो.

२

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच. निवडुंग वाढतो तो शेंड्याच्या एका ठिपक्यातून. लाखात एखाद्याचा तो ठिपका बिघडतो, ताणला जातो, त्याची रेघ होते. मग झाड वर न जाता आडवं पसरतं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं, आणि जागा पुरेना की स्वतःवरच दुमडत जातं, अक्रोडाच्या गरासारखं. असा तुरा स्वतःच्या मुळांवर फार काळ तगत नाही. म्हणून तो कापायचा आणि एखाद्या राकट, उभ्या जातीच्या खुंटावर कलम करायचा. खुंटाने खालून प्यायचं, वर पोचवायचं. तुरा फुगत जातो, खुंट सुकत जातो. आठ-दहा वर्षांत त्याची साल लाकडी होते, अंग आत ओढलं जातं, आणि एक दिवस कळतं की याच्यात आता काही उरलं नाही. मग तुरा उतरवायचा, नवा खुंट द्यायचा. जुना खताच्या खड्ड्यात.

गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगत आलो, तुरा बघू नका हो, खुंट बघा.

कुबीकचा खुंट मी घरी आल्यावर भिंग लावून बघितला. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे सव्वीस वर्षं तोच. आणि त्याची साल तान्ह्या पोराच्या पोटरीसारखी.

"आली का नवी सवत?" ब्लाझेना स्वयंपाकघरातून म्हणाली. ही माझी बायको. शाळेच्या खाणावळीत तीस वर्षं तिने चारशे पोरांना सूप वाढलं. माझ्याहून बोटभर उंच, माझ्याहून दुप्पट जोरात हसणारी.

"फुकट मिळाली."

"फुकट? तुला? मग खोट आहे तिच्यात."

मी तुरा माळ्यावर नेला. माळ्याला दक्षिणेकडे काच आहे, तिथे माझी खासगी झाडं हिवाळ्यात झोपतात. खाली बरोबर आमची झोपायची खोली. विकायच्या झाडाला बांधतो तसा तुऱ्याभोवती लाल दोरा बांधला, म्हणजे वसंतात किती वाढला ते मोजता येतं. आणि पाणी दिलं नाही.

३

पहिली गोष्ट इतकी साधी की लिहायलाही संकोच वाटतो. रेडिएटरवर टांगायचे चिनीमातीचे चपटे डबे असतात ना, हवा कोरडी होऊ नये म्हणून पाणी भरून ठेवायचे, ते. आमच्याकडे सहा आहेत. दर शनिवारी मी भरतो. नोव्हेंबरच्या मध्यावर ते मंगळवारीच कोरडे मिळू लागले. मग रोज सकाळी.

मी म्हटलं, थंडी जास्त आहे, बॉयलर जास्त तापतोय. बॉयलरवाला आला, त्याने यंत्र तपासलं, बिअर प्यायला आणि म्हणाला, "काका, तुमचा बॉयलर माझ्या सासूपेक्षा शांत आहे."

दुसरी गोष्ट ब्लाझेनाची तहान. ती लिंडनच्या फुलांचा चहा करते, मध आणि एक लवंग घालून, दिवसाला एक मोठा मग. आता दुपारपर्यंत किटली संपायला लागली.

"मासा झालेय मी," ती हसून म्हणायची. मग ओठ फुटायला लागले तसं हसणं कमी झालं.

आम्ही दोघंही दमलेले असायचो. मी अडुसष्ट, ती सहासष्ट. या वयात दमणं कुणाला सांगायचं? सकाळी उठलं की वाटायचं, रात्रभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलोय.

४

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी माळ्यावर गेलो. हिवाळ्यातल्या माळ्याला एक कोरडी शांतता असते, मला ती आवडते. तीनशे झाडं आपापल्या अंगात मुडपून बसलेली, सुरकुतलेली, धुळकट. तशीच हवीत.

तुरा सुरकुतलेला नव्हता. वरच्या रेघेवर पांढरी कोवळी लव आली होती, आणि तिच्याखाली ओलसर हिरवा रंग, मे महिन्यात दिसतो तसा. लाल दोरा दिसेना. मग दिसला. मांसात रुतला होता.

मी कुंडीत बोट घातलं. माती पिठासारखी कोरडी.

माझ्या डोक्याची सवय अशी की ते लगेच हिशेबाला लागतं. कौलातून पाणी ठिबकत असेल. कौलं कोरडी. ब्लाझेना चोरून पाणी घालत असेल. तिला हल्ली माळ्याचा जिना चढवत नव्हता. खुंटात साठा असेल. एवढा साठा तर त्या कुंडीसकट झाडाच्या वजनात मावला नसता. मी कुंडी उचलून पाहिली आणि दोन्ही हातांनी परत खाली ठेवली. ऑक्टोबरात एका हाताने आणली होती.

तरीसुद्धा पाणी घातलं नाही. दोन महिने न पिता जे झाड फुगतंय त्याला पाणी घालणारा निवडुंगवाला अजून जन्माला यायचाय. मी स्वतःला म्हणालो, खुंट जोरदार आहे. बस.

खाली आलो तर ब्लाझेना काकडीच्या लोणच्याची बरणी हातात धरून उभी.

"हे बघ रे जरा."

उन्हाळ्यात तिने घातलेलं लोणचं. झाकण घट्ट, मेणाचा शिक्का तसाच. आतल्या काकड्या सुकून बोटाएवढ्या झाल्या होत्या. आंबट पाण्याचा थेंब नव्हता. बरणीच्या तळाशी मिठाचा पांढरा थर.

"काच फुटली असेल कुठे," मी म्हणालो.

"कुठे?"

मी बरणी उजेडात फिरवत राहिलो. तळघरात तशा अकरा बरण्या निघाल्या.

५

नाताळाला आमच्याकडे कार्प मासा लागतो. चौकात मोठ्या टाक्यांतून जिवंत विकतात. तो घरी आणून दोन-तीन दिवस अंघोळीच्या टबात ठेवायचा, म्हणजे चिखलाचा वास जातो. तोवर घरातल्यांनी बिनाअंघोळीचं राहायचं. ब्लाझेना दरवर्षी माशाला माझ्या एका मेलेल्या नातेवाइकाचं नाव देते. यंदा रोझालिए मावशी.

"तोंड अगदी तसंच आहे बघ. तक्रार करतेय."

एकवीस तारखेला मासा टबात सोडला. काठापर्यंत पाणी. तेवीस तारखेला सकाळी आठ वाजता दात घासायला गेलो.

टब कोरडा होता. पाणी उतरलं तर मागे ओल राहते, थेंब राहतात, जाळीपाशी खवले अडकतात. तसलं काही नव्हतं. फडक्याने पुसल्यासारखा पांढरा कोरडा टब. बूच जागेवर, दाबून बसवलेलं. मधोमध मासा, जुन्या झाडाची साल उभी राहते तसे खवले उभे राहिलेले, डोळ्यांच्या जागी दोन मनुका.

मी बूच तपासलं, टब पुन्हा भरला, पाऊण तास खुर्ची टाकून समोर बसलो. एक थेंब गळला नाही.

ब्लाझेना दाराशी आली. भिंतीला धरून.

"आता जेवायला काय करू?" ती म्हणाली. मग वाक्य तसंच अर्धं सोडून, अगदी हलक्या आवाजात, "ओता, मला जरा पाणी दे ना."

भरल्या टबासमोर बसून मी तिला पेल्यामागून पेला देत होतो. हात धरला तेव्हा तिच्या मनगटावरची कातडी माझ्या बोटांत चिमटीसारखी वर आली, आणि सोडली तरी तशीच उभी राहिली.

६

डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं. साखर नाही. मूत्रपिंडं थकलेली, कारण कळत नाही.

"भरपूर पाणी प्या."

"मग दुसरं काय करते मी, डॉक्टर?" ब्लाझेना म्हणाली. "तुमच्या नळाखाली तोंड लावून बसू?"

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, मी लितोव्हेलला फोन केला. माणूस इतका हट्टी असतो की मी खतांबद्दल विचारायचं ठरवून फोन केला होता. "नमस्कार, द्रापाल बोलतोय," एवढंच म्हणालो.

पलीकडून बाईंनी विचारलं, "कोण?"

"मी द्रापाल, निवडुंग..."

"तसं नाही विचारलं. कोण आजारी आहे?"

मी खुर्चीत बसलो.

"पाणी घातलं नाहीत ना," बाई म्हणाल्या. रागावून नाही, दमलेल्या आवाजात. "सांगितलं होतं मी. पण तुम्हाला काय बोलू? माझ्याकडूनही तेच झालं. त्यांना फ्लू झाला, तीन आठवडे पडून होते. घशातून शब्द फुटत नव्हता, नुसतं टेबलाकडे बोट. मला वाटलं तापात बरळताहेत. आणि हिवाळ्यात पाणी नको, हे मला आयुष्यभर पढवलं कुणी? त्यांनीच. शेवटी शेवटी मी त्यांना एकटीने उचलून अंघोळीला नेत होते हो. सहा फुटी माणूस."

"मग ते फेकून का नाही दिलंत?"

"गेले होते ना, कचऱ्याच्या पेटीपर्यंत. कुंडी कलती केली आणि आतून आवाज आला. भरलेली बाटली हलवल्यावर येतो तसा. मग नाही फेकवलं." त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही मला शिव्या द्या, चालेल."

मी नाही दिल्या. झारी खुंटीवरून काढली आणि जिना चढलो. भर जानेवारीत निवडुंगाला पाणी घालताना माझा हात लाजत होता. एक लिटर पाणी मातीत गेलं ते गेलं, ताटलीत थेंब आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरवरचे सहाही डबे रात्री भरले तसेच भरलेले होते. संध्याकाळी ब्लाझेनाने चहाचा मग अर्धा ठेवला.

"पोट भरलं," ती म्हणाली. तोंडावर हात धरून मी मोरीत गेलो.

७

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. पण एका लिटरचे आठवड्यात तीन झाले. तीनाचे सहा. फेब्रुवारी लागला तेव्हा मी सकाळी एक बादली आणि दुपारी एक बादली माळ्यावर चढवत होतो, गुडघे धरत, दर चौथ्या पायरीवर थांबत. कमी पडलं की खाली लगेच कळायचं. मग नऊ तारखेला गल्लीतली पाण्याची मुख्य वाहिनी गोठून फुटली. नळ दिवसभर बंद. बर्फ वितळवून जेवढं झालं तेवढं घातलं, ते पुरलं नाही. तीन वाजता ब्लाझेना शब्द विसरायला लागली. मला 'पप्पा' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, ती सावरली. पण माझ्यातला व्यापारी जागा झाला होता. जो करार फक्त एकाच बाजूने वाढत जातो तो मोडायचा असतो. मी सुरी घेतली, कलमाची, पात्यावर स्पिरिट फिरवलं. सवय.

बारा वाजले होते. माळ्याच्या काचेवर बर्फाची नक्षी होती आणि तिच्यातून चांगलं ऊन येत होतं. खाली रेडिओवर ब्लाझेनाचं बँडचं संगीत. मी तुऱ्याखाली, खुंटाच्या मानेवर सुरी ठेवली आणि एका ओढीत कापलं.

एरवी चीक येतो, चार-दोन थेंब. इथे पाणी आलं. टेबलावरून, माझ्या पोटावरून, फळ्यांवरून. ते थांबेचना. कोमट होतं. आणि त्याला वास होता. लिंडनच्या फुलांचा, मधाचा, एका लवंगेचा. त्याच्यामागून तळ्यातल्या चिखलाचा. आणि सगळ्यांत खाली, पुसट, दाढीच्या साबणाचा. तो साबण आमच्या घरात कधी आलेला नाही.

तुरा माझ्या डाव्या हातात उलटा होता. निवडुंग कापला की आत मधोमध एक फिकट कडं दिसतं, सगळ्यांना असतं, त्या कड्याला कडं जुळलं की कलम धरतं. मी त्याच्याकडे पाहिलं. घोट घेताना गळा हलतो तसं ते एकदा, एकदाच, हललं.

खाली चहाचा मग फुटल्याचा आवाज झाला.

मला विचार करायला वेळ नव्हता. हातांनी त्यांना येत होतं ते केलं. तुरा खुंटावर परत बसवला, कड्यावर कडं, दोन रबरं आडवी, दोन उभी, कुंडीखालून घेऊन. पाणी थांबलं. मग जिना उतरलो.

८

इस्पितळात तिला सलाईन लावलं. तिसरी बाटली संपली तेव्हा परिचारिका म्हणाली, "काय हो आजी, स्पंज आहात का?" ब्लाझेनाचे डोळे मिटलेले होते.

आता माझी अडचण समजून घ्या. नवं कलम दहा दिवस हलवायचं नाही, रबरं काढायची नाहीत. आणि धरेपर्यंत खालचं पाणी वर चढतच नाही. मी बादली ओतून पाहिली. पाणी आधी कुंडीवर तसंच तरंगत राहिलं, मग सगळं ताटलीत उतरलं. सुरीने मी त्याची पिण्याची एकच सरळ वाट तोडून ठेवली होती. दुसरी उरली होती, माणसातून जाणारी.

जाळता आलं असतं. पण त्यात जे होतं ते माझं नव्हतं, तिचं होतं. जो माल माझा नाही तो मी पणाला लावत नाही. आणि कापल्यावर खाली काय झालं ते मी पाहिलं होतं.

त्या दुपारी इस्पितळातून येऊन मी पलंगावर बसलो, आमच्या, माझ्या बाजूला. समोर छोटं टेबल, चष्मा, गोळ्या. आणि मला लितोव्हेलची ती खोली आठवली. डोक्याशी असलेला बरा. मी इतके दिवस समजत होतो की कुबीकला तो तुरा नजरेआड करवत नव्हता. पलंगाची डावी बाजू त्याची होती. बाई उजवीकडे झोपायच्या. त्याच्या पलीकडे, म्हणजे तुऱ्याला आधी तोच लागायचा.

मंडळात येणं त्याने का सोडलं तेही तेव्हा कळलं, डोक्याशी हे ठेवून जाणार कुठे?

मी माळ्यावर गेलो, कुंडी दोन्ही हातांत धरून, रबरं न हलवता, एकेक पायरी करत खाली आणली. चष्मा आणि गोळ्या खिडकीत ठेवल्या. कुंडी टेबलावर, उशीला लागून.

दुसऱ्या सकाळी परिचारिकेने फोनवर सांगितलं, "रात्री एकच बाटली गेली. आजींनी आता चहा मागितलाय." तिसऱ्या दिवशी आमची मुलगी अलेना येऊन तिला परस्पर आपल्या घरी, ओस्त्रावाला घेऊन गेली.

"बाबा, तुम्हीपण चला ना," अलेना म्हणाली.

"झाडं आहेत."

"अगं सोड त्याला," ब्लाझेना गाडीतून म्हणाली. "चाळीस वर्षांत कधी आलाय का तो? सवतींना कोण बघणार?"

९

आज नववा दिवस.

परवा व्हेंडेलीन आला होता. मंडळातला माझा जुना दोस्त, तुऱ्यांसाठी वेडा. झोपायच्या खोलीच्या दारातून त्याला दिसलं आणि त्याने टोपीच काढली.

"अरे म्हाताऱ्या! हे कुठे दडवलं होतंस? दे मला. आत्ता देतो, जे म्हणशील ते."

"नवं कलम आहे. धरलं नाही अजून."

"धरल्यावर दे. शब्द दे मला."

मी पाणी प्यायलो. हल्ली बोलायच्या आधी प्यावं लागतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या घरी कोण कोण असतं रे हल्ली?"

"सून, मुलगा, दोन नाती. का?"

वाक्य सगळं तयार होतं. मग ठीक, एक आडवं पडलं तर दुसरं असतं. जिभेवर आलं होतं. व्हेंडेलीनचा चेहरा नाताळातल्या पोरासारखा झाला होता, आणि मला फक्त झोपायचं होतं, आठ तास, दुसऱ्या कुठल्याही खोलीत.

"सडलाय तो," मी म्हणालो. "आतून. वरून दिसत नाही."

तो चिडून गेला. एकतीस वर्षांत मी चांगला माल सडका म्हणून सांगितला तो हाच.

आज सकाळी रबरांखाली बोट सरकवून पाहिलं. सांधा घट्ट आहे. उद्या रबरं काढली की कुंडीत पाणी ओतून बघायचं, वर चढतं का. चढलं तर दोन बादल्या, मग तीन. मी हिशेब केलाय, तुरा आता जिन्याखाली इथेच, मोरीच्या जवळ आहे, म्हणजे चढण वाचली. माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. खुंट बघावा, तुरा बघू नये.

अकरा वाजता ब्लाझेनाचा फोन आला.

"अरे, आज अर्धा मग टाकून दिला मी. अलेना ओरडली मला." आणि ती हसली. जुनं हसणं, दुप्पट जोराचं. "बरी आहे रे मी आता. रविवारी येते घरी."

"अजून पंधरा दिवस राहा. नातवंडांजवळ."

"कंटाळशील एकटा."

"नाही कंटाळत."

ती म्हणाली, "तुझा आवाज असा कोरडा का येतोय, ओता?"

"रेडिएटरवरचे डबे भरायचे राहिलेत," मी म्हणालो. "भरतो आत्ता."

फोन ठेवला. डबे समोरच होते. नऊ दिवसांपूर्वी भरले होते, सहाच्या सहा. त्यांतलं पाणी अजून काठाला टेकलेलं होतं.